चौदाव्या दिवशी मेंढीने काय खाल्लं?

तुमच्या-माझ्या शरीरात एक जनुक आहे, त्याचं नाव 'सॉनिक हेजहॉग'. हो, तोच. निळा, काटेरी केसांचा, लाल बूट घालून सुसाट पळणारा, सेगाच्या व्हिडिओ गेममधला. कुणी गमतीने ठेवलेलं टोपणनाव नाही हे, जगभरच्या शोधनिबंधांत आणि तपासणीच्या रिपोर्टांत हेच छापलं जातं. संक्षेपात एस-एच-एच.

आम्ही सॉफ्टवेअरवाले नावं ठेवण्याच्या बाबतीत फार जबाबदार असतो असं नाही. आमच्या एका सर्व्हरचं नाव 'मिसळ' आहे आणि तो पडला की 'मिसळ डाऊन आहे' असा गंभीर मेल सगळ्यांना जातो. पण मिसळ पडली तर कुणाचं मूल दगावत नाही. सॉनिक हेजहॉग जनुक बिघडलं तर पोटातल्या बाळाचा मेंदू दोन भागांत विभागलाच जात नाही. या व्यंगाला होलोप्रोसेन्सेफली म्हणतात. नाव जिभेवर बसायला वेळ लागतो. मला दोन दिवस लागले होते.

हे आपल्याला कळलं कसं, याची गोष्ट दवाखान्यात सुरू होत नाही, प्रयोगशाळेतही नाही. ती सुरू होते अमेरिकेतल्या आयडाहो राज्याच्या डोंगरांत, मेंढ्यांच्या कळपात.

१९५० च्या दशकातली गोष्ट. तिथले मेंढीवाले उन्हाळ्यात कळप उंचावरच्या कुरणांवर नेत, आपले धनगर पावसाच्या हिशोबाने देश-कोकण फिरतात तसेच. खाली उतरल्यावर मेंढ्या विणार, कोकरं होणार, वर्षाचा पैसा त्यावर. पण काही कळपांत भलतीच कोकरं जन्माला येऊ लागली होती. काहींचं नाक आखूड, वरचा जबडा आत दबलेला. मेंढीवाले त्यांना 'माकडतोंडी' म्हणत. काहींची अवस्था त्याहून वाईट. कपाळाच्या मध्यभागी एकच डोळा, आणि नाकाच्या जागी डोळ्याच्या वर आलेली सोंडेसारखी एक नळी. अशी कोकरं जगत नसत. काही मेंढ्यांचे दिवस भरून जात तरी त्या विण्याचं नाव घेत नसत, कोकरू आत वाढतच राही आणि शेवटी मेंढीही मरे.

मेंढीवाल्यांनी अंदाज बांधला, जो कुणीही बांधला असता: रक्तात दोष आहे. नर खराब निघाला, नाहीतर जवळच्या नात्यातला संकर झाला. आणि रक्तावर संशय आला की माणसं बोलत नाहीत. ज्याच्या कळपाचं रक्त खराब त्याचे नर कोण विकत घेणार? आपल्याकडे 'त्यांच्या घराण्यात आहे' असं हळू आवाजात म्हणतात, तसंच काहीतरी.

अमेरिकेच्या कृषी खात्याची विषारी वनस्पतींचा अभ्यास करणारी एक प्रयोगशाळा युटा राज्यात लोगन इथे आहे. तिथले वेन बिन्स आणि त्यांचे सहकारी या कामाला लागले. त्यांनीही आधी रक्ताचाच संशय तपासला. व्यंग असलेल्या कोकरांच्या नात्यातले नर-मादी एकत्र आणून पाहिले, पुढच्या पिढ्या पाहिल्या. काही निघालं नाही. रक्त साफ होतं. मग राहिलं कुरण.

इथे लिन जेम्स नावाचा संशोधक येतो. मला हा माणूस फार आवडतो. त्याने सलग तीन उन्हाळे मेंढ्यांबरोबर डोंगरात काढले. काम काय, तर मेंढ्या काय खातात ते बघणं. आम्ही लोक एखादा बग सापडत नसला की लॉग वाचत बसतो, तसा हा मेंढ्यांचा लॉग वाचत होता. उंचावरच्या ओलसर कुरणांत कॉर्न लिली नावाची एक वनस्पती उगवते, रुंद पानांची, लांबून पाहिलं तर मक्याच्या ताटासारखी. शास्त्रीय नाव व्हेराट्रम कॅलिफोर्निकम. मेंढ्या ती खात होत्या. हीच का, हे ठरवायला प्रयोगशाळेत गाभण मेंढ्यांना ती खाऊ घातली गेली आणि एकडोळी कोकरं जन्मली. १९६३ साली हे निष्कर्ष छापून आले.

पण जो भाग वाचून मी खुर्चीत ताठ झालो तो पुढचा आहे. सुरुवातीला मेंढ्यांना गाभण राहिल्यावर पहिले पंधरा दिवस वनस्पती दिली होती. मग मुदत छाटत छाटत नेली. कोणत्या दिवसापासून, कोणत्या दिवसापर्यंत? ज्यांनी गिट बायसेक्ट वापरलंय त्यांना ही पद्धत ओळखीची वाटेल: हजार बदलांमधला नेमका कोणता बिघडवणारा, हे अर्धे-अर्धे करत शोधायचं. इथे उत्तर आलं चौदावा दिवस. गाभण राहिल्यापासून चौदाव्या दिवशी, त्या एका दिवशी मेंढीने कॉर्न लिली खाल्ली तर एकडोळं कोकरू जन्मू शकतं. त्याच्या बरंच आधी किंवा नंतर खाल्ली तर डोळ्यांना काही होत नाही. महिनाभराच्या सुमारास खाल्ली तर पायांची हाडं आखूड होतात. म्हणजे विष तेच, दिवस वेगळा, व्यंग वेगळं. गर्भात प्रत्येक अवयवाची खिडकी ठरावीक वेळी उघडते आणि बंद होते, आणि विष आलं तेव्हा जी खिडकी उघडी असेल तिथे ते शिरतं.

प्रयोगशाळेतले रसायनतज्ज्ञ रिचर्ड कीलर यांनी वनस्पतीतली द्रव्यं एकेक करून वेगळी केली. १९६८ च्या सुमारास दोषी द्रव्य हाती लागलं. होमरच्या महाकाव्यातल्या एकडोळ्या सायक्लॉप्स राक्षसावरून त्याला नाव दिलं, सायक्लोपामिन. मेंढीवाल्यांना सल्ला गेला: नर सोडल्यानंतरचे पहिले आठवडे मेंढ्यांना या वनस्पतीच्या कुरणात नेऊ नका. प्रश्न सुटला. फाईल बंद. सायक्लोपामिन हे द्रव्य गर्भात नेमकं करतं काय, याचं उत्तर मात्र कुणाकडेच नव्हतं. ते मिळायला आणखी तीस वर्षं गेली, आणि ते मेंढ्यांमधून आलं नाही.

थोडं मागे जाऊ. एकडोळ्या जिवांची नोंद काही आयडाहोत पहिल्यांदा झाली नाही. १६६५ साली, लंडनच्या रॉयल सोसायटीचं नियतकालिक सुरू झालं त्याच वर्षी, रॉबर्ट बॉइलने (हो, शाळेतल्या बॉइलच्या नियमाचाच) अशा एका शिंगराच्या डोक्याचं वर्णन त्यात छापलं. डोळ्यांच्या खोबण्या एकत्र झालेल्या, मध्ये जोडडोळा. त्यापूर्वी अशा जन्मांकडे शकुन-अपशकुन म्हणून बघायची रीत होती. बॉइलने ते डोकं मद्यार्कात बुडवून टिकवलं आणि बारकाईने पाहिलं. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये एत्येन जोफ्र्वा सेंत-इलेर आणि त्यांचा मुलगा इझिदोर यांनी व्यंगांचं रीतसर शास्त्रच उभं केलं. आणि १९०७ च्या आसपास चार्ल्स स्टॉकार्ड या अमेरिकी संशोधकाने समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम क्लोराईड मिसळून त्यात माशांची अंडी वाढवली, तेव्हा एकडोळे मासे निघाले. म्हणजे बाहेरच्या एखाद्या द्रव्याने असं होऊ शकतं हे पन्नास वर्षांपूर्वीच माहीत होतं. पण आयडाहोचा मेंढीवाला माशांच्या गर्भावरचे निबंध कशाला वाचेल?

माणसांमधल्या या व्यंगाला आजचं नाव दिलं १९६३ साली, अमेरिकेतल्या विल्यम डीमायर आणि वोल्फगांग झेमान यांनी. पुढच्याच वर्षी डीमायर यांचा एक निबंध आला. चेहऱ्यावरून मेंदूचं भाकीत करता येतं, अशा अर्थाचं त्याचं शीर्षक. डोळ्यांमधलं अंतर, नाकाची ठेवण, ओठाची मधली फट, हे पाहून आत मेंदू किती विभागला गेला असेल याचा अंदाज करता येतो. नेहमीच नाही, पण बऱ्याचदा. सर्वांत गंभीर प्रकारात मेंदूचा पुढचा भाग एकच पोकळी होऊन राहतो. मधल्या प्रकारात मागे थोडी विभागणी झालेली असते. सौम्य प्रकारात दोन्ही अर्ध बहुतांशी वेगळे होतात, थोडा भाग चिकटलेला राहतो. अशी मुलं जगतात, काही बोलतात, चालतात. जन्माला येणाऱ्या सुमारे दहा हजार बाळांत एकाला हे असतं. पण १९७० च्या दशकात जपानमधल्या क्योटो इथल्या गर्भांच्या मोठ्या संग्रहाचा अभ्यास झाला, तेव्हा हे प्रमाण सुमारे अडीचशेत एक निघालं. म्हणजे बहुतेक गर्भ जन्मापर्यंत पोचतच नाहीत. त्या अर्थाने हे व्यंग दुर्मीळ नाही. आपल्याला दिसतं ते दुर्मीळ.

आता जर्मनी. हायडेलबर्ग, १९७० च्या दशकाचा शेवट. क्रिस्तियाने न्यूसलाइन-फोलहार्ड आणि एरिक विशाउस हे दोघं तरुण संशोधक एकाच सूक्ष्मदर्शकाला दोन बाजूंनी डोळे लावून बसलेले असत, कारण तो सूक्ष्मदर्शकच दोघांनी एकाच वेळी बघायचा होता. बघायचं काय, तर फळमाशीच्या अळ्या. केळी पिकली की स्वयंपाकघरात भिरभिरतात त्या माश्या. माशीच्या जनुकांमध्ये मुद्दाम बिघाड करायचा आणि अळी कशी बिघडते ते पाहायचं. अशा हजारो वाणांच्या अळ्या त्यांनी तपासल्या. निरोगी अळीच्या अंगावर बारीक काट्यांचे पट्टे असतात, मध्ये गुळगुळीत जागा. एका बिघाडात गुळगुळीत जागा गेली आणि सगळं अंगच काटेरी झालं. त्या जनुकाचं नाव ठेवलं हेजहॉग. (हेजहॉग म्हणजे आपलं साळिंदर नव्हे. तो त्याहून बराच लहान, घाबरला की अंगाचा काटेरी चेंडू करणारा प्राणी.) १९८० साली 'नेचर'मध्ये त्यांचा निबंध आला, १९९५ साली दोघांना एडवर्ड लुईस यांच्याबरोबर नोबेल मिळालं.

फळमाशीवाल्यांची नावं ठेवायची परंपराच तशी. बिघाडात जे दिसेल त्यावरून नाव. एका जनुकाविना माशीला हृदयच तयार होत नाही, त्याचं नाव 'टिनमॅन', विझार्ड ऑफ ऑझच्या गोष्टीतल्या हृदय नसलेल्या पत्र्याच्या माणसावरून. माशीच्या बाबतीत हे सगळं गोड वाटतं.

मग प्रश्न आला, मणक्याच्या प्राण्यांत हेजहॉगचं भावंड असेल का? १९९३ साली क्लिफ टॅबिन, अँड्र्यू मॅकमहॉन आणि फिलिप इंगम यांच्या तीन प्रयोगशाळांनी मिळून ती शोधली. एक नाही, तीन. दोघांना खऱ्या प्राण्यांची नावं दिली, डेझर्ट हेजहॉग आणि इंडियन हेजहॉग. आपल्या देशाच्या नावाचं जनुक माझ्या हाडांच्या वाढीवर देखरेख करतं, हे कळल्यावर मला उगाचच बरं वाटलं होतं. तिसऱ्याला टॅबिन यांच्या प्रयोगशाळेतल्या रॉबर्ट रिडल यांनी नाव दिलं सॉनिक. गेम येऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती.

हे जनुक करतं काय ते मोबाईलच्या टॉवरवरून चांगलं समजतं. गर्भातल्या काही पेशी एस-एच-एच नावाचं प्रथिन बाहेर सोडतात. टॉवरजवळच्या पेशींना पूर्ण रेंज, लांबच्यांना एक-दोन दांड्या, त्याहून लांबच्यांना नाहीच. किती दांड्या मिळाल्या त्यावरून पेशी ठरवते आपण कोण व्हायचं. हाताच्या कळीत हा टॉवर करंगळीच्या बाजूला असतो, म्हणून अंगठा आणि करंगळी वेगळी होतात. डोक्यात तो पुढच्या मेंदूच्या बरोबर खाली, मध्यरेषेवर असतो. आणि तिथे त्याचं काम म्हणजे मध्ये रेघ मारणं. गर्भधारणेनंतर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात आपल्या सगळ्यांच्या डोक्यात डोळ्यांसाठी एकच पट्टा असतो. खालून एस-एच-एचचा संदेश येतो, पट्ट्याचा मधला भाग डोळा होण्याचं सोडून देतो, आणि एकाचे दोन डोळे होतात. मेंदूचा पुढचा भागही त्याच सुमारास उजवा-डावा होतो. संदेश आला नाही तर सगळं एकच राहतं. म्हणजे एक डोळा हा वरून येऊन पडलेला चमत्कार नाही. ती आपली सगळ्यांची सुरुवात आहे, पुढची पायरी न गाठलेली.

१९९६ हे वर्ष मला एखाद्या रहस्यकथेच्या शेवटच्या प्रकरणासारखं वाटतं. ऑक्टोबरमध्ये बातमी आली: हे जनुक काढून टाकलेली उंदरांची पिल्लं एकडोळी होतात. पुढच्याच महिन्यात मॅक्सिमिलियन म्युंके आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की होलोप्रोसेन्सेफली असलेल्या काही मानवी कुटुंबांत याच जनुकात बिघाड आहे. आणि १९९८ साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या फिलिप बीची यांच्या चमूने, आणि त्याच सुमारास दुसऱ्या एका गटानेही, दाखवलं की कॉर्न लिलीतलं सायक्लोपामिन नेमका हाच संदेश बंद पाडतं. टॉवर चालू असतो, पण पेशीला रेंज कळत नाही. आयडाहोतल्या मेंढीने खाल्लेलं पान, हायडेलबर्गच्या माशीच्या अळीवरचे काटे आणि माणसाच्या बाळाचा मेंदू, तिन्ही एकाच ठिकाणी येऊन मिळाले. यांतल्या कुणीही दुसऱ्याला शोधायला निघालेलं नव्हतं.

हे सगळं मी हौसेने वाचलेलं नाही. माझी मावसबहीण, मी तिला ताईच म्हणतो, दोन वर्षांपूर्वी गरोदर होती. एकोणिसाव्या आठवड्यात ॲनॉमली स्कॅन झाला. सोनोग्राफी करणारे डॉक्टर बराच वेळ काही बोलले नाहीत, मग त्यांनी दाजींना आत बोलावलं. रिपोर्टात लिहिलं होतं ॲलोबार होलोप्रोसेन्सेफली, म्हणजे तो सर्वांत गंभीर प्रकार. रात्री ताईचा फोन आला. "तू इंजिनिअर आहेस ना, नीट वाचून सांग मला. डॉक्टर बोलत होते पण मला काही ऐकूच येत नव्हतं."

मी वाचत गेलो आणि तिला सांगत गेलो. कधी कधी ती फोनवर नुसतीच असायची. घरात तोवर दुसरीच चौकशी सुरू झाली होती. ग्रहणात बाहेर गेली होतीस का? चाकू हातात घेतला होतास? पपई? ऑफिसात लॅपटॉप पोटावर ठेवतेस ना? सासूबाई वाईट नव्हत्या, त्या रडतच विचारत होत्या. पण प्रत्येक प्रश्नाला कर्ता एकच होता, ताई. ग्रहणाचं तर मी पंचांगाशी ताडून पाहिलं, त्या महिन्यांत आपल्याकडून दिसणारं ग्रहणच नव्हतं. हे सांगितल्यावर मावशी म्हणाली, "मग न दिसणारं असेल."

ताईने मला एकच विचारलं. "माझ्यामुळे झालं का?" यावर गुळगुळीत उत्तर देता येत नाही, कारण कारणं खरोखरच अनेक असतात. गुणसूत्रांतला दोष, विशेषतः तेराव्या गुणसूत्राची जादा प्रत, हे मोठं कारण. आईला गरोदरपणाच्या आधीपासून मधुमेह असेल आणि साखर ताब्यात नसेल तर धोका वाढतो. ताईची साखर व्यवस्थित होती. एस-एच-एचसारख्या जनुकांतले बिघाड हे आणखी एक. आणि बऱ्याच कुटुंबांत सगळ्या तपासण्या करूनही काहीच सापडत नाही. मी तिला लिन जेम्सची गोष्ट सांगितली, चौदाव्या दिवसाची. माणसाच्या गर्भात हे सगळं घडतं तेव्हा पाळी चुकून जेमतेम आठवडा-दोन आठवडे झालेले असतात. ताईने घरी चाचणी केली त्या सकाळी ते घडत होतं किंवा घडून गेलं होतं. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "त्या दिवशी आम्ही पेढे आणले होते."

जेनेटिक्सच्या डॉक्टरांनी एक विचित्र प्रश्न विचारला होता: घरात कुणाला वरच्या पुढच्या दोन दातांऐवजी मधोमध एकच दात आहे का? हे गमतीचं नाही. एस-एच-एचमधला तोच बिघाड एका भावंडाचा मेंदू अविभक्त ठेवतो आणि आई किंवा वडिलांत फक्त मधोमध एक दात करून थांबतो, अशी कुटुंबं नोंदलेली आहेत. आई-वडील धडधाकट, हुशार, आपल्याजवळ असं काही आहे हे त्यांना माहीतही नसतं. एकच बिघाड इतक्या वेगवेगळ्या रूपांत का दिसतो याचं एक उत्तर असं, की बाकीची जनुकं आणि परिस्थिती मिळून तो सावरून धरतात किंवा ढकलून देतात. दाजींनी दोन्हीकडच्या कुटुंबांना दात दाखवणारे फोटो पाठवायला सांगितले. सांगली, इचलकरंजी आणि पार बंगळुरूहून काका, आत्या, आजोबांचे हसरे फोटो येत होते. आजोबांनी कवळी काढून पाठवला होता. सगळ्यांचे दात ठीक होते. पुढे रिपोर्टातही काही निघालं नाही.

त्यांनी गर्भपाताचा निर्णय घेतला. २०२१ च्या दुरुस्तीनंतर कायदा अशा गंभीर व्यंगांच्या बाबतीत, वैद्यकीय मंडळाने निदान केलं तर, चोवीस आठवड्यांनंतरही परवानगी देतो. त्यांना तितकं थांबावं लागलं नाही. दुसऱ्या कुणी दुसरा निर्णय घेतला असता, आणि सौम्य प्रकारांत घेतातही. त्याबद्दल मला इथे बोलायचं नाही.

एक मात्र सांगायलाच हवं. त्या दिवसांत ताई स्वतःही शोधत होती. तिने रिपोर्टावरच्या तपासणीच्या यादीतलं नाव गूगलवर टाकलं आणि पडद्यावर आला निळा सॉनिक, अंगठा दाखवून हसणारा. तिला वाटलं आपण चुकीचं टाइप केलं. तिने तीनदा टाकून पाहिलं. मला स्क्रीनशॉट पाठवला, खाली नुसतं प्रश्नचिन्ह.

डॉक्टरांनाही हे खटकलेलं आहे. माशीच्या अळीला ठेवलेलं नाव एक दिवस समुपदेशनाच्या खोलीत आई-वडिलांसमोर उच्चारावं लागेल, हे ठेवणाऱ्याच्या मनात कुठून येणार? २००६ साली मानवी जनुकांची नावं ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने अशा अवघड नावांची यादी विचारात घेतली होती. त्याआधी 'पोकेमॉन' हे जनुकाचं नाव बदललं गेलं होतं, पण ते कुणा आई-बापांसाठी नव्हे. पोकेमॉन कंपनीने कायदेशीर कारवाईचा इशारा दिला होता. कर्करोगाशी आपल्या ब्रँडचं नाव जोडलं जाणं तिला चालणार नव्हतं. सॉनिक मात्र टिकला. आता अधिकृत नावापुढे 'संदेशवाहक रेणू' अशा अर्थाचे दोन शब्द जोडलेत एवढंच, आणि बरेच डॉक्टर नुसतं एस-एच-एच म्हणतात. कोडमध्ये नाव बदलणं किती कठीण असतं हे मला माहीत आहे. हजार ठिकाणी वापरलं गेलेलं असतं, एक जागा राहिली तरी काहीतरी मोडतं. हे कारण मी ताईला दिलं असतं तर तिने फोन ठेवला असता.

सायक्लोपामिनची गोष्ट अजून थोडी उरली आहे. एस-एच-एचचा संदेश फक्त गर्भात लागतो असं नाही. मोठेपणी तो बहुतेक ठिकाणी शांत असतो. पेशीच्या दारावर पॅच्ड नावाचं एक प्रथिन ब्रेकसारखं बसलेलं असतं आणि स्मूदन्ड नावाच्या दुसऱ्या प्रथिनाला दाबून ठेवतं. संदेश आला की ब्रेक सुटतो. १९९६ सालीच कळलं होतं की गॉर्लिन सिंड्रोम नावाच्या आजारात पॅच्डच्या जनुकात जन्मतः बिघाड असतो. ब्रेक नाही, म्हणून पेशी वाढतच राहतात आणि चेहऱ्यावर, अंगावर त्वचेचे कर्करोग पुन्हापुन्हा उगवतात. ज्यांना हा सिंड्रोम नाही त्यांच्याही बेसल सेल प्रकारच्या कर्करोगात बहुधा हीच यंत्रणा अडकलेली असते. सायक्लोपामिन स्मूदन्डला जाऊन चिकटतं आणि त्याला गप्प करतं. म्हणजे ज्या कारणाने ते गर्भाला विष, त्याच कारणाने या गाठींवर औषध.

खुद्द सायक्लोपामिन गोळी म्हणून चाललं नाही. पाण्यात नीट विरघळत नाही, पोटातल्या आम्लात टिकत नाही. पण त्याने निशाणा दाखवून दिला होता. त्याच निशाण्यावर बसणारं वेगळ्या घडणीचं व्हिस्मोडेगिब हे औषध तयार झालं आणि जानेवारी २०१२ मध्ये अमेरिकेत पसरलेल्या बेसल सेल कर्करोगासाठी त्याला मान्यता मिळाली. ते घेणाऱ्यांना पायात गोळे येतात, केस गळतात, जिभेची चव जाते. आणि खोक्यावर चौकटीत ठळक इशारा असतो: गर्भाला गंभीर व्यंग होऊ शकतं. गरोदर बाईने घ्यायचं नाही, घेणाऱ्या बाईने गरोदर राहायचं नाही, आणि घेणाऱ्या पुरुषानेही काळजी घ्यायची, कारण ते वीर्यातून जाऊ शकतं. तो इशारा लिहिणाऱ्यांना काय होऊ शकतं याचा अंदाज बांधावा लागला नाही. लोगनच्या प्रयोगशाळेने ते पन्नास वर्षांपूर्वी मेंढ्यांमध्ये दिवसागणिक नोंदवून ठेवलेलं होतं.

कॉर्न लिली अजूनही त्या डोंगरांत उगवते. मधल्या काळात तिच्यातल्याच सायक्लोपामिनवर रासायनिक बदल करून आणखी एक औषध तयार केलं गेलं. त्याचं त्वचेवर लावायचं जेल, पॅटिडेगिब नावाचं, गॉर्लिन सिंड्रोम असलेल्या लोकांवर चाचण्यांमध्ये वापरलं गेलं. ते चेहऱ्यावर लावतात.